दोन तासांची कूस

"मेंदूच्या डाव्या बाजूला इस्केमिक स्ट्रोक आलाय," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्ताच्या गुठळीनं मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तोडला. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी बावीस वर्षं नर्स आहे, कल्याणच्या एका हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला. तरी मी खुळ्यासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण स्ट्रेचरवर माझी आई होती.

आईला ठाण्यात, नौपाड्यातल्या हॉस्पिटलात ठेवलं. उजवा हात, उजवा पाय गेलेला. वाचाही गेली, त्याला अफेझिया म्हणतात. शब्द मनात असतात, जिभेवर येत नाहीत. कोपरच्या आमच्या अख्ख्या चाळीला जिच्या आवाजाचा धाक, ती बाई नुसती डोळे फिरवायची. ते बघवत नव्हतं.

अशा पेशंटला स्वतःहून कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी कुणीतरी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला बेडसोर होतो. एकाच जागी भार पडून कातडी मरते आणि जखम होते. पलंगाच्या पायथ्याशी त्याचा चार्ट असतो. आठला डावी, दहाला उजवी, बाराला पाठ, आणि प्रत्येक वेळेपुढे सही.

पहिले तीन दिवस मी रजा घेऊन तिथेच होते, मीच वळवत होते. चौथ्या दिवशी माझ्या इनचार्जचा फोन आला, "संगीता, स्टाफ नाहीये गं, ये ना." गेले. दोन दिवस ड्यूटी करून संध्याकाळी आईकडे यायचे. चार्ट बघायचे, सगळ्या सह्या जागच्या जागी. चादर उचलून बघितली नाही. परक्या बाईनं चार्टवर विश्वास ठेवला तर समजू शकतं, पण मी? चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात. मीसुद्धा गर्दीच्या दिवशी चार्ट भरून टाकलेले आहेत.

सहाव्या दिवशी रजा मिळाली आणि दुपारी साडेबारालाच पोचले. चार्टवर दोन वाजताची सही झालेली होती. दोन वाजायला दीड तास होता.

मी आईला वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढी कातडी सोललेली, भोवती काळंनिळं. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखतंय हेही तिला सांगता आलं नव्हतं.

त्या ड्यूटीला ग्लोरिया सिस्टर होती. वसईकडची, पस्तिशीची. मी चार्ट तिच्यापुढे धरला. तिनं नजर चुकवली नाही.

"खोटं नाय बोलणार ताई. चौदा पेशंट, मी एकटी. मावशी पण एकच, ती एक्स-रेला गेलेली. चार्ट अर्धा दिसला तर मेमो मिळतो. तुम्ही स्वतः स्टाफ आहात, तुम्हाला काय सांगू?"

मला तिच्या कानाखाली मारावीशी वाटली, आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी चार्ट चाळला. "पोझिशन तर वेळेवर दिलीये. वय आहे, शुगर आहे, होतं असं कधी कधी." म्हणजे कागदावर दोष आईच्याच कातडीचा.

मी मेट्रनकडे गेले. एअर मॅट्रेस आजच हवी आणि हे असं का झालं ते लिहून हवं, म्हटलं. त्यांनी तक्रारीचा फॉर्म दिला. मी लिहिलं: एका नर्सकडे चौदा रुग्ण.

"ह्याचा रकाना नाहीये," मेट्रन शांतपणे म्हणाल्या. "कोणाच्या ड्यूटीत झालं ते लिहा. नावाशिवाय तक्रार पुढे जात नाही."

मग नाव लिहिलं. आई होती हो माझी.

मॅट्रेस तासाभरात आली. दुसऱ्या दिवशी ग्लोरिया नव्हती, तिला घरी बसवलं होतं. नवी मुलगी आली, तिलाही तेच चौदा पलंग. सकाळी आठ वाजता तिनं आईच्या चार्टवर दोनपर्यंतच्या सह्या करून टाकल्या. दहाला मीच आईला वळवलं.

जखम भरायला अडीच महिने लागले. ज्यांचं माणूस असं पडून आहे त्यांना एवढंच सांगते, चार्ट वाचू नका, चादर उचला. आणि सिस्टरवर ओरडण्याआधी तिच्याकडे पलंग किती आहेत ते विचारा. माझ्या वॉर्डात आता मी न केलेल्या कामापुढे सहीची जागा रिकामी ठेवायचं ठरवलं. इनचार्ज म्हणाली, "ऑडिट आहे बाई, भर." दोनदा ठेवली रिकामी. तिसऱ्यांदा भरली.

घरी मी आणि वहिनी मिळून आईला वळवतो. दोघी लागतो, एकटीनं होत नाही. स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्याचा व्यायाम, सुरू आहे. परवा वहिनी आईचे केस विंचरत होती. आईनं तिचा हात धरला, बराच वेळ शब्द जुळवत राहिली.

"ती... सिस्टर. वेणी... घालायची. रोज." मग माझ्याकडे बघून, "कुठाय?"

दवाखान्यात आईची वेणी कोण घालत होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"सुट्टीवर आहे," मी म्हटलं.