शेवटून पहिले जॉकीकाका

जॉकीकाका माणसाला एकदा पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि त्याचं वजन सांगत. नमस्कार वगैरे त्यानंतर. आमची ओळख न्यूमार्केटच्या बसस्टॉपवर झाली. माझी नोकरी केंब्रिजच्या एका लॅबमध्ये होती, पण तिथलं भाडं झेपेना म्हणून मी घोड्यांच्या या गावात खोली घेतली होती. आईशी फोनवर बोलणं संपलं, तेव्हा शेजारी उभे असलेले, माझ्या खांद्याला लागतील एवढे एक गृहस्थ म्हणाले, "मराठी का? अठ्ठावन्न." मला वाटलं, बसचा नंबर विचारतायत. अठ्ठावन्न नंबर इथे थांबत नाही, असं मी त्यांना नम्रपणे सांगितलंसुद्धा.

काकांचा जन्म पुण्याच्या रेसकोर्समागच्या चाळीतला. वडील मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे. मुलगा मात्र घोड्यावर बसला आणि पुण्या-मुंबईच्या शर्यतींत बरीच वर्षं चॅम्पियन जॉकी राहिला. चाळिशीत काका एकदा पडले, खांद्याचं हाड मोडलं. मग एका इंग्रज ट्रेनरने सकाळी घोड्यांना रपेट द्यायच्या कामावर इकडे बोलावलं. साठी आली तसं तेही काम सुटलं, आणि काकांनी कंट्री म्युझिक धरलं. गिटार, टाचांचे बूट आणि रुंद काठाची हॅट. हॅट एवढी मोठी की लांबून नुसती हॅटच चालत येतेय असं वाटे.

हेच गाणं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "या गाण्यांत घोडा असतो, पण शर्यत नसते. घोडा आपला चाललाय, माणूस आपला बसलाय. कुणाला कुठं पोचायचं नाही."

मी लहानपणी व्हायोलिन शिकले होते, हे एकदा बोलून गेले आणि फसले. "म्हणजे फिडल," काका म्हणाले आणि त्या दिवसापासून मी 'फिडलताई' झाले. टेरी नावाचा एक म्हातारा नालबंद बॅन्जो वाजवायचा. शुक्रवारी गावाबाहेरच्या पबमध्ये आमचा कार्यक्रम असे. मला मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवूनच वाजवता येतं. त्यामुळे मी स्टेजवर सतरंजी अंथरून बसायची. पहिल्या दिवशी एका गृहस्थाने योगाचा क्लास कितीला सुरू होतो ते विचारलं. माझ्या मींडा ऐकून टेरी मात्र गंभीर झाला. हे फारच दुःखी वाजतंय, तेव्हा बरोबरच असणार, असं त्याचं मत पडलं.

शालनकाकूंना हे सगळं नापसंत होतं. काकांनी गिटार हातात घेतली की त्या स्वयंपाकघराचं दार लावून मोठ्याने टीव्हीवरची मालिका लावत. पबमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. त्यात काकांनी एक गाणं रचलं. कंट्री म्युझिकच्या रिवाजाप्रमाणे त्यात बायको नवऱ्याला सोडून जाते. ही बातमी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला पोचली आणि दोघीतिघींनी काकूंचं सांत्वन केलं. काकू घरी येऊन म्हणाल्या, "मी कुठं गेले सोडून? इथंच भाकऱ्या थापतेय ना?"

काकांनी गाणं बदललं. नव्या गाण्यात बायको कॉव्हेंट्रीला बहिणीकडे जाते आणि सोमवारी परत येते. पबमधली माणसं हसून हसून पडली, कारण इंग्रजीत एखाद्याला कॉव्हेंट्रीला पाठवणं म्हणजे त्याच्याशी बोलणं टाकणं. काकांना हे ठाऊक नव्हतं. काकूंची बहीण खरोखरच कॉव्हेंट्रीला होती.

दर उन्हाळ्यात नॉरफकमधल्या एका खेड्याच्या जत्रेत गाण्याची स्पर्धा असे. तिथे सगळ्यांचे नंबर वाचून दाखवत. पहिल्या वर्षी आमचा नंबर शेवटून पहिला आला. मी शरमेने सतरंजी गुंडाळत होते, आणि काका केक खात होते. वाईट नाही का वाटलं, असं मी विचारलं.

"अगं, चॅम्पियन होतो तेव्हा जिंकलो की दुसऱ्या दिवसाची धास्ती. हरलो की मालक, ट्रेनर, पब्लिक, सगळे तोंड फिरवणार. इथं शेवटचा आलो तर त्या बाईने केक दिला. वर विचारतेय, पुढच्या वर्षी येणार ना?"

पुढच्या वर्षी केकवाल्या बाईंना काकांचा पूर्वेतिहास कळला. काकांनी घोड्यावरून प्रवेश करावा असा त्यांनी हट्ट धरला. घोडा म्हणजे लहान मुलांना फेरी मारून आणणारं एक लठ्ठ तट्टू. काका भिडेखातर बसले. पण बसताच जुन्या सवयीने त्यांचे गुडघे वर आले, पाठ वाकली आणि तट्टाला काय वाटलं कोण जाणे, ते सुटलं. मैदानाला दोन फेऱ्या झाल्या, जॅमचा स्टॉल आडवा झाला, माणसं खुर्च्यांवर उभी राहून ओरडली. त्यानंतर काका गायले, ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

परतताना गाडीत काका म्हणाले, "घोडा असला की लोक घोड्याकडे बघतात. आयुष्यभर हेच झालंय. आता पायी जाणार."

मी लंडनच्या पिनर उपनगरात राहायला जायच्या आधीचा तो शेवटचा उन्हाळा. पुण्याहून निरोप आला की जुन्या चॅम्पियन जॉकींचा रेसकोर्सवर सत्कार आहे. काकूंनी लगेच बॅग काढली. सत्कार नेमका स्पर्धेच्याच रविवारी होता. काका म्हणाले, मी गाणार आहे. काकू बोलायच्या थांबल्या. ताट आपटून वाढत. मी मध्ये पडून काकांना समजावलं, टेरीनेही समजावलं. सत्कार एकदाच होतो, जत्रा दर वर्षी असते. काका गिटारच्या खुंट्या पिळत बसून राहिले. शेवटी काकूंनीच जाहीर केलं, "मग मी जाते. नवऱ्याचा सत्कार नवऱ्यावाचूनही होतो, बघाच." आणि खरोखरच त्या एकट्या विमानात बसल्या.

स्पर्धेत काका पायी आले आणि महिनाभर घरी घोटलेलं नवीन गाणं गायले. टाळ्या बेताच्या पडल्या. नंबर पुन्हा शेवटचा आला. आम्ही तंबूमागे गवतावर चहा पीत होतो, तेवढ्यात पुण्याहून फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला. काकू सांगत होत्या. शाल मिळाली, नारळ मिळाला, एक चांदीचं खोगीर मिळालं. जुने लोक भेटले.

"साहेब का नाही आले, असं विचारलं सगळ्यांनी. मी माइकवर सांगितलं, ते कामात आहेत."

मग काकूंनी विचारलं, तुमचं काय झालं?

"शेवटचा."

"कुठलं म्हटलंत?"

"नवीन आहे. तुला माहीत नाही."

"मग म्हणून दाखवा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजी पुन्हा अंथरली. टेरीने बॅन्जो पेटीतून बाहेर काढला. गाणं न्यूमार्केटच्या धुक्यातल्या सकाळचं होतं. दुसऱ्या कडव्यात शर्यतीच्या दिवशी एक बाई रेडिओ बंद करून तांदूळ निवडत बसते, जिन्यावर ओळखीचं पाऊल वाजेपर्यंत. स्पर्धेत काकांनी ते कडवं डोळे मिटून म्हटलं होतं. आता मात्र पहिलं संपताच त्यांनी सरळ तिसरं उचललं. मी आणि टेरी धडपडत त्यांच्यामागे गेलो.

गाणं संपलं. पलीकडे एवढी शांतता की फोन कट झाला असं वाटून काकांनी तो हातात घेऊन पाहिला.

"दुसरं कडवं गाळलंत," काकू म्हणाल्या.

काकांनी हॅट काढून गवतावर ठेवली, मला सूर धरायला खुणावलं आणि नुसतं दुसरं कडवं म्हटलं.