न्हाणीचं दार

माझ्या उजव्या भुवईच्या वर एक व्रण आहे. चार टाक्यांचा. नागपुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये माझं नाव फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही, पण हा व्रण राहतो — ती मुलगी, जिनं शोभाताईंसाठी मार खाल्ला. तुम्हीही हे ऐकलं असेल. माझ्याच तोंडून, नाहीतर माझ्याकडून ऐकलेल्या कुणाच्या तोंडून. ते खरं नाही. खरं काय ते मी आईला सांगितलं नाही, पास्टरना सांगितलं नाही, आणि — विचित्र वाटेल — देवालाही सांगितलेलं नाही. प्रार्थनेत त्या दुपारपाशी आले की मी घाईघाईनं दुसऱ्यांसाठी मागायला लागते. आजाऱ्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी.

मी भित्री आहे. सबब म्हणून सांगत नाही, नुसती ओळख म्हणून. जरीपटक्यात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, वर्गात उत्तर येत असूनही कधी हात वर केला नाही. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रिपोर्ट टाइप करते. कुणाशी फार बोलावं लागत नाही म्हणून ते काम आवडतं. मी ख्रिस्ती आहे हे तिथं पहिली दोन वर्षं कुणाला माहीत नव्हतं. गळ्यातला क्रॉस कुर्त्याच्या आत असायचा. लपवत होते का? कुणी विचारलं तर सांगेन, असं मी स्वतःशी म्हणायचे. कुणी विचारत नव्हतं, ते बरंच होतं.

विचारलं ते शोभाताईंनी. त्या तिथं फरशी पुसायच्या. पंचेचाळिशीच्या, नंदनवनात एकट्या राहायच्या. माहेरचे लोक मूळचे उमरेडचे विणकर, पण घरात माग कधीचाच राहिला नव्हता. नवरा ट्रकखाली गेला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही दोघी मागच्या जिन्यावर डबा खायचो. डबा उघडण्याआधी डोळे मिटायची माझी लहानपणापासूनची सवय. एक दिवस डोळे उघडले तर त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"काय पुटपुटून राहता वं मॅडम रोज? भाजी खारट नको निघू दे म्हणता का?"

मी हसले आणि — का कोण जाणे — खरं ते सांगितलं. त्यांनी आपल्या डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाल्या, "मंग माझंबी सांगा ना त्याले. मले झोप नाही येत. हे गेले तवापासून नाही."

सांगितलं मी. त्यांचा हात धरून, तिथंच जिन्यावर, अडखळत, कारण मनातली प्रार्थना मी कायम इंग्रजीतच करत आले. पुढच्या आठवड्यात त्या म्हणाल्या की झोप लागली. सलग चार तास. चेहरा खरंच वेगळा दिसत होता.

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. रविवारी गाणी झाली की ज्याला वाटेल तो उठतो आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. कुणाची दारू सुटलेली असते, कुणाची गाठ विरघळलेली असते. मी कधी उठले नव्हते. ख्रिस्ती घरात जन्मले, माझं काही सुटलं नाही की विरघळलं नाही. त्या रविवारी मी पहिल्यांदा उठले. शोभाताईंना झोप लागली, एवढंच म्हणाले, आणि सगळी मंडळी टाळ्या वाजवू लागली. पास्टर म्हणाले, पुढची घरगुती प्रार्थना त्यांच्याच घरी घेऊ या.

मला ते हवं होतं. हे नीट लिहिते — मला ते हवं होतं. शोभाताई तयार नव्हत्या. "दोन गुरुवार थांबा. गल्लीतले लोकं कुजबुजून राहिले. थोडं थंड होऊ द्या." मी म्हणाले, काही होत नाही ताई, देव आहे. किती सहज म्हणाले. घर त्यांचं होतं, गल्ली त्यांची होती. मी तर प्रार्थना झाली की स्कूटी काढून जरीपटक्याला परत येणार होते.

गुरुवार, दुपारचे चार. आम्ही नऊ जण चटईवर बसलो होतो. ताईंनी आलूपोहे केले होते, गॅसवर चहा उकळत होता. दुसरं गाणं चालू असताना खिडकीची काच आत आली. दगड नंतर दिसला.

वीसेक माणसं असतील. हातांत दंडे, एकाकडे सायकलची चेन. पास्टर हात जोडून दाराकडे गेले. त्यांना काही बोलायला मिळालंच नाही. पहिला दंडा कानावर बसला आणि ते भिंतीला धरून खाली बसले, दमलेला माणूस बसतो तसे. मग लाथा सुरू झाल्या. एका आजीच्या तोंडावर गाण्यांचं पुस्तक इतक्या जोरात मारलं की तिची कवळी बाहेर पडली आणि कुणाच्या तरी बुटाखाली तिचा चुरा झाला. चहाचं पातेलं कुणीतरी उचलून भिरकावलं. ज्याच्या पाठीवर तो चहा पडला तो ओरडला नाही. त्याचा श्वासच अडकला होता, तोंड उघडं.

शोभाताईंनी मला दंडाला धरून मधल्या दारातून मागे ढकललं. "न्हाणीत जाय. मी आलीच." आणि मधलं दार आमच्या बाजूनं लावून त्या स्वतः त्याला पाठ टेकवून उभ्या राहिल्या. का? मला पळायला वेळ मिळावा म्हणून. दुसरं काही कारण मला आजवर सापडलेलं नाही.

मागच्या अंगणात न्हाणी होती. विटांच्या तीन भिंती, पुढं लोखंडी पत्र्याचं दार. मी आत शिरले. मधलं दार मोडल्याचा आवाज आला. मग अनवाणी पावलं धावत आली, आणि त्यांच्या मागे बूट. दार अजून थोडं उघडं होतं. ताईंचा उजवा हात फटीतून आत आला.

"सरक वं पोरी, सरक."

मॅडम नाही म्हणाल्या. पोरी म्हणाल्या.

मी दार लावलं.

हात आत असताना लावलं. चार बोटं होती, पोह्यांची हळद नखांना लागलेली, दार आणि चौकट यांच्या मध्ये, आणि मी ती बघत होते. मी खांदा लावला आणि अंगातला सगळा जोर टाकला. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. भेंडीचं टोक मोडून बघतो ना बाजारात — तेवढाच. मी थोडं सैल केलं, बोटं जाऊ दिली, आणि कडी लावली.

भान नव्हतं, असं मी म्हणू शकले असते. तुम्ही मानलंही असतं. पण भान होतं. मला आठवतं, दार दाबताना मी विचार करत होते — उघडलं तर दोघी सापडू, लावलं तर एकच. इतका स्पष्ट विचार मी त्याआधी कधी केला नसेल.

त्यांनी शोभाताईंना त्या दारावरच मारलं. दंडा अंगावर बसला की एक आवाज येतो, चुकून पत्र्यावर बसला की दुसरा. थोड्या वेळात मला दोन्ही ओळखू यायला लागले. पत्र्याचा आवाज आला की मला वाईट वाटायचं, कारण मग मार माझ्या जवळ आल्यासारखा वाटायचा. वाचलंत ना? पत्र्यावर बसला की वाईट वाटायचं. "म्हण ना गाणं. काहून थांबली वं? म्हण." प्रत्येक फटक्याला म्हण. मग दोघा-तिघांनी त्यांना उचलून दारावर आदळलं, पत्र्याची वरची कड आत वाकली आणि माझ्या कपाळात घुसली. हा तो व्रण. मी दार आतून दाबून उभी होते, म्हणून तो मला लागला.

आणि मी प्रार्थना करत होते. हे मी शेवटी सांगणार होते, किंवा सांगणारच नव्हते. मी मागत होते की ती एकटी त्या माणसांना पुरावी. एवढंच. त्यांनी तिच्यावरच थांबावं, कडीपर्यंत येऊ नये. लहानपणापासून प्रार्थना करत आले, पण इतक्या मनापासून कधीच केली नव्हती. आणि ते तिच्यावरच थांबले. रस्त्यावरून कुणीतरी पोलीस, पोलीस म्हणून ओरडलं आणि सगळे पळाले. माझी प्रार्थना ऐकली गेली. कुणी ऐकली? तीन वर्षं झाली, मी या प्रश्नाच्या पुढे सरकलेली नाही.

कडी काढली तेव्हा ताई उंबऱ्याशी पडल्या होत्या. डोळे उघडे होते. मी खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, माझ्या कपाळातलं रक्त त्यांच्या केसांत गळत होतं. तेवढ्यात पास्टर भिंत धरत धरत अंगणात आले. त्यांनी पाहिलं ते एवढंच.

"बेटा, तू मध्ये पडलीस?"

मी हो म्हणाले.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. तोंड सुजलेलं होतं, बोलता येत नसेल, असं मी तेव्हा धरून चालले. पोलिसांना जबाब देताना मी सांगितलं की जमावानं त्यांची बोटं मोडली. जमावानं त्यांच्या तीन बरगड्याही मोडल्या होत्या, डावा कान कायमचा गेला होता. एवढं सगळं त्यांनी केलं, त्यात चार बोटं आणखी — कुणाला फरक पडणार होता?

मग मला बोलावणी यायला लागली. लाजाळू मुलगी, कपाळावर व्रण, मराठी अडखळत बोलणारी — लोकांना ते फार खरं वाटायचं. मी साक्ष द्यायला शिकले. कुठं थांबायचं, कुठं कपाळावरचे केस मागे घ्यायचे. क्रॉस आता कुर्त्याच्या बाहेर असतो. विश्वास जगायचा म्हणजे काय, आजच्या दिवसांत तो दुसऱ्यांना सांगायचा म्हणजे काय, हे मला तरुणांच्या मेळाव्यांत विचारतात. मी उत्तरं देते. दुसऱ्यासाठी उभं राहणं, असं काहीतरी. माझी साक्ष ऐकून तिघांनी बाप्तिस्मा घेतला. ते तिघं खोटे नाहीत. त्यांचं मी काय करू, मला कळत नाही.

शोभाताईंची दवाखान्यातली नोकरी गेली. बोटं वाकडी जुळली, फडकं पिळता येईना. त्या उमरेडला भावाकडे गेल्या. उमरेड काही लांब नाही, बसनं जाता येतं. मी एकदाही गेले नाही. दवाखान्यात आता दुसरी बाई फरशी पुसते. ती बादलीवर वाकून फडकं पिळते तेव्हा मी स्क्रीनकडे बघते.

मागच्या महिन्यात मंडळीच्या वर्धापनदिनाला मला पुन्हा उभं केलं. मी निम्म्यावर आले असेन, तेव्हा पास्टरनी मागच्या दाराकडे हात केला. त्यांनी सगळ्यांना आनंदाचा धक्का द्यायचं ठरवलं होतं. शोभाताई आत आल्या. पिवळी सुती साडी, उजवा हात पदराखाली. टाळ्या थांबेनात. त्यांना पुढच्या बाकावर बसवलं, माझ्यापासून पाच हातांवर, आणि पास्टर मला म्हणाले, पुढे सांग.

मी पुढे सांगितलं. हो. त्यांच्यासमोर. मी कशी आडवी गेले, पहिला फटका कपाळावर कसा घेतला. एक शब्दही बदलला नाही. मग पास्टरनी ताईंना विनंती केली की त्यांनीही दोन शब्द बोलावेत. त्या उठल्या. मी माईकची वायर दोन्ही हातांत धरून उभी होते आणि मला वाटलं, आता संपलं. खरं सांगते, मला थोडं हलकंही वाटलं.

"मॅडम म्हणते तसंच झालं," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

नंतर बाहेरच्या मांडवात चहा होता. त्यांनी डाव्या हातानं कप घेतला. मी शेजारी जाऊन उभी राहिले. माफी मागायला गेले होते का? नाही. मी त्यांना थँक यू म्हणाले. इंग्रजीत. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि मी डावीकडेच उभी होते, म्हणून त्यांनी मान वळवली, मला पुन्हा म्हणायला लावलं, आणि मी पुन्हा म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. राग नव्हता आवाजात. एखाद्या घराचं माप सांगावं तसं म्हणाल्या —

"आतमंधी दोघीची जागा होती वं."

न्हाणी मला नीट आठवते. एक बादली होती, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं पिंप, दांडीवर वाळत घातलेला टॉवेल. बादली पिंपावर ठेवली असती तर दुसऱ्या माणसाला उभं राहता आलं असतं. दोघींनी मिळून दार दाबलं असतं तर ते जास्त घट्ट बसलं असतं.

जागा होती.