घरट्यामागचा व्हॉल्व्ह

आमच्या घरात चार वर्षं एक माणूस पाण्याच्या राखणीला होतं. ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण दुसरं कुणी उरलंच नव्हतं. पडेगावच्या पुढं, माळावर पडलेल्या नव्या प्लॉटांतली आमची कॉलनी. नळ यायचे आठव्या दिवशी. आठवा म्हणजे कधी सातवा, कधी अकरावा, आणि तेही पहाटे पाचपासून दिवस मावळेपर्यंत कधीही. आले की जेमतेम पाऊण तास. पहिल्या पाच मिनिटांत ज्यानं मोटर लावली त्याचा हौद भरला. बाकीच्यांनी तोटीला कान लावून नुसत्या हवेची फुसफुस ऐकायची. मी शाळेत मास्तरीण, नवरा वाळूजला कंपनीत, मुलगी पुण्याला. मग मोटरीचं बटण कोण दाबणार?

सासूबाईंची धाकटी बहीण, आमची मावशी, कन्नडकडच्या एका खेड्यात एकटीच राहायची. साखरेनं तिची नजर हळूहळू चालली होती. पंधरा दिवसांनी फोन ठरलेला. "ताई, तुझं तोंड दिसतंय तंवर एकदा येऊन जा गं." सासूबाई माझ्याकडं बघायच्या. मी म्हणायचे, "आई, एवढं पाणी येऊन जाऊ द्या, मग जा निवांत." एवढं पाणी येऊन जायचं. मग पुढचं पाणी यायचं असायचं. मी काही कैदाशीण नाही हो. पण खरं सांगते, त्या दिवसांत मला मावशीच्या डोळ्यांपेक्षा आमच्या हौदाची काळजी जास्त होती. आता लाज वाटते.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. हर्सूलच्या तलावात क्रिकेटच्या मॅची व्हायला लागल्या. आणि शहर मात्र वाढतंय वाढतंय! जिथं कुसळसुद्धा उगवायला कुरकुर करायचं तिथं चार-चार मजले उठले. आमच्या कॉलनीच्या टोकाला पाण्याची उंच टाकी होती आणि टाकीच्या अलीकडं विजेचा एक जुना टॉवर. प्लॉट पडले तशी लाइन दुसरीकडून नेली, तारा काढल्या, टॉवर राहिला उभा. त्या रिकामटेकड्या टॉवरवर एका जोडीनं काड्या आणून खाटेएवढं घरटं घातलं. आम्ही त्यांना घारी म्हणायचो. मग पक्ष्यांचा अभ्यास करणारी मंडळी आली आणि आमच्यावर खेकसली, "घार काय म्हणता? मोरघार आहे ही. गरुड आहे, गरुड!"

सासूबाईंनी आधी हात जोडले. मग म्हणाल्या, "विष्णूला सोडून हितं आला व्हय? हितं तर आंघोळीला पाणी नाय."

थंडी पडायच्या आत, घरटं रिकामं होतं तेव्हाच, पक्षीवाल्यांनी टॉवरच्या वरच्या पट्टीला कॅमेरा बसवला. सोबत सोलरची एक पाटी. घरटं आता दिवसभर मोबाइलवर दिसणार होतं, जगात कुठंही, कुणालाही. आम्हाला काय त्याचं! उंबऱ्यातून मान वर केली की टॉवर दिसत होताच.

शोध लागला तो आमच्या शेजाऱ्यांमुळं. ते कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. माणूस इतका चोख की दुधाच्या पिशवीवरचा मजकूर रोज वाचतो. ते एका रविवारी मोबाइल नाचवत आमच्या दारात आले. "वहिनी, घरटं बघू नका. घरट्याच्या मागं बघा."

घरट्याच्या मागं, चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, टाकीचा पायथा होता. पायथ्याशी व्हॉल्व्हचं चेंबर. आणि चेंबरवर वाकून, लांब दांड्याची चावी फिरवत, महापालिकेचा लाइनमन उभा होता. जो माणूस कधी येतो हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नव्हतं, तो जगभर दिसत होता. पाच मिनिटांनी आमची तोटी खळखळली.

मी धावत जाऊन मोटर लावली आणि सासूबाईंना मोबाइल दाखवला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ बघितला.

"हे बहिणीच्या गावात बी दिसंल का?"

"दिसेल की. जगात कुठंही दिसतं."

"मग मी हितं काय करते?"

मी तिथंच अटी घालायला बसले. जा, पण कॅमेऱ्यावर लक्ष ठेवा. लाइनमन दिसला की शेजाऱ्यांना फोन लावा, त्यांच्याकडं आमची किल्ली आहे, ते मोटर लावतील. पिल्लू उडालं की पक्षीवाले कॅमेरा काढून नेणार आहेत, तेव्हा पिल्लू उडालं की परत या. अंड्यातून पिल्लू निघायचं होतं अजून, पण माझं आपलं ठरवून झालं! सासूबाईंनी सगळ्याला मान हलवली. दुसऱ्या दिवशी दोन लुगडी आणि चार्जर पिशवीत घालून त्या एसटीत बसल्या.

पोहोचल्यावर फोन आला. आवाज बारीक होता. "तिला माझं तोंड नाय दिसलं गं. चाचपून बघितलं तिनं. म्हणली, ताई, तू वाळलीस."

मी "अरे देवा" म्हणाले आणि लगेच पुढं विचारलं, "पण तिथं रेंज आहे ना?" काय माणूस होते मी!

इकडं कॉलनीला वेड लागायची पाळी आली. ज्यानं आयुष्यात चिमणी धड पाहिली नव्हती तोही सकाळी उठून घरटं उघडायचा. पडद्याच्या कडेला जगभरातले लोक लिहायचे. कुणी पोलंडहून, कुणी ब्राझीलहून. त्यांच्यात आमचे लोक घुसले. "आला का?" "अजून नाय." "काल बी नाय आला." "पोरंबाळं तहानली राव." परदेशातल्या पक्षीप्रेमींना वाटलं, आम्ही पिल्लाच्या बापाची वाट बघतोय. त्यांचा जीव कासावीस व्हायचा. आणि लाइनमनची मोटरसायकल कोपऱ्यात उगवली की सगळी कॉलनी एकदम, "आला! आला! आला!" पोलंडहून लाल बदाम नुसते वाहायचे. घरट्यात पिल्लू एकटंच आ वासून बसलेलं असायचं.

मग अव्वल कारकुनांनी आटे, म्हणजे चावीचे फेरे, मोजले. आमच्या गल्लीच्या व्हॉल्व्हला चावीचे अकरा आटे आणि मागच्या गल्लीला चौदा! झालं. शिष्टमंडळ निघालं, त्यात मीही होते, सगळ्यांत पुढं. लाइनमननं शांतपणे ऐकून घेतलं. "त्या चेंबरची आटी झिजलीय, बाई. तिथं चौदा फिरवले तवा तुमच्या अकराइतकं उघडतंय." मागच्या गल्लीतले खूश, आम्हाला मुळीच पटलं नाही. पण माणूस शहाणा. पुढच्या वेळेपासून तो प्रत्येक आट्याला कॅमेऱ्याकडं बोटं वर करून दाखवायला लागला. एक. दोन. तीन. दोन खेपांनंतर इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागला. निघताना हात जोडायचा. ब्राझीलच्या एका बाईनं विचारलं, हा गृहस्थ रोज गरुडाची प्रार्थना करतो का? अव्वल कारकुनांनी तिला कळवलं, रोज नाही, आठ दिवसांनी.

सासूबाईंचं तिकडं वेगळंच चाललं होतं. मावशीच्या गावात टँकर यायचा. टँकर हॉर्न वाजवतो, त्यामुळं तिथं राखण लागत नाही, हे त्यांना फार आवडलं होतं. दोघी बहिणी ओसरीवर बसायच्या. मावशीला दिसायचं नाही, म्हणून सासूबाई तिला घरटं सांगायच्या. अंडं फुटलं. पिल्लू कापसागत पांढरंय. आईनं सरडा आणला. बाप आला, टेकला न टेकला की गेला, बापच तो. मावशी ऐकायची आणि नेमकं विचारायची, "आन् डोळे कसेत त्याचे?" मी फोन केला की मागून हेच कानावर यायचं.

एकदा त्यांचा भर दुपारी शाळेत फोन. "अगं, घारीनं निंबाची डहाळी आणलीय घरट्यात. हिरवीगार. आपल्या दारच्या निंबाची हाय ती, मी वळखते."

"आई, निंब काय एकच आहे का शहरात?"

"एवढा हिरवा एकच. भांड्याच्या पाण्यावर वाढवलाय मी त्याला. पाणी घालतीस ना?"

"घालते की," मी म्हणाले. घालत नव्हते. घरी येऊन बघितलं तर निंबाचा शेंडा खरंच मोडलेला होता आणि बुंध्याची माती भेगाळलेली. त्या दिवसापासून मी भांड्यांचं पाणी निंबाला घालायला लागले.

एप्रिलात पिल्लू मोठं झालं आणि कॉलनीवर संकट कोसळलं. ते नेमकं घरट्याच्या उजव्या काठावर उभं राहायला लागलं. व्हॉल्व्ह झाकला गेला. लाइनमन आला की गेला काही कळेना. घराघरांतून लोक मोबाइलवर ओरडायला लागले, "बस की रे खाली!" समोरच्या चाची तर पदर पसरून विनवायच्या, "बैठ जा रे बाबा, नल का टैम हो गया!" अव्वल कारकुनांनी पक्षीवाल्यांना अर्ज दिला की पिल्लू दीड फूट डावीकडं सरकवावं. पक्षीवाला कळवळून म्हणाला, "काका, घरट्याला हात लावता येत नाही. कायदा आहे." काकांनी त्याला अर्जाची पोच मागितली.

शेवटी सगळे सासूबाईंना शरण गेले. पिल्लाची नस न् नस त्यांना ठाऊक होती. लोक कन्नडकडं फोन लावायचे, "आजी, कवा बसंल ते?" आणि आजी सांगायच्या, "आत्ता खाल्लंय त्यानं, घटकाभरात पेंगंल. मोटरीपाशी जाऊन थांबा." बरोबर घटकाभरानं पिल्लू मटकन बसायचं. घरात होत्या तेव्हा त्यांच्याकडं कुणी साखर मागायलाही येत नव्हतं.

ते उडालं तो दिवस मला चांगला आठवतो, कारण मी ते बघितलं नाही. सकाळची शाळा सुटून घरी आले होते. लाइनमन आलेला, पिल्लू काठावर पंख झटकत होतं आणि आम्ही त्याच्या पंखांच्या फटीतून आटे मोजत होतो. सात, आठ, नऊ. एकदम चित्र मोकळं झालं, व्हॉल्व्ह लख्ख दिसला, "हां, सरकलं बाई एकदाचं!" असं म्हणून मी दहा-अकरा मोजले आणि मोटर लावायला पळाले. हौद भरल्यावर मोबाइल बघितला तर जगभरातून अभिनंदनाचा पूर आलेला. मागच्या गल्लीतले एक जण सगळ्यांना लिहीत होते, "धन्यवाद, आम्हाला पण फुल प्रेशर आलं."

आठ-दहा दिवस पिल्लू ये-जा करत होतं. मग येईना. पक्षीवाल्यांनी कॅमेरा उतरवला. मोबाइलवर नुसता काळा पडदा. कॉलनी पुन्हा तोटीला कान लावून बसली आणि मी सासूबाईंना फोन केला.

"आई, उडालं ना पिल्लू. कॅमेरा पण काढला. उद्याची एसटी धरा."

मागून मावशीचा आवाज आला, "कुणाचाय गं? उडालं का काय पिल्लू?"

"नाय गं बाई," सासूबाई तिला म्हणाल्या, "बसलंय काठावर. पंख लई कच्चे हायेत अजून."

मला काही कळेना. मग चपलांचा आवाज आला, दार लोटल्याचा आला. त्या अंगणात आल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तू ठरवलं व्हतंस ना, पिल्लू उडालं की परत यायचं म्हणून? ते म्याच तिला सांगून ठिवलंय. रोज इचारती, उडालं का, उडालं का. तिला दिसत व्हतं तवा आले नाय मी. आता ऐकू येतंय तंवर तरी ऱ्हाऊ दे."

मी भांडकुदळ बाई आहे. मला शाळेत मुलं आणि घरात नवरा घाबरतो. पण मी ओट्याला टेकून रडले, आणि त्याच आठवड्यात आमचं पाणी चुकलं. नवरा म्हणाला, "हौद कोरडा पडलाय." मी म्हणाले, "पडू दे." टँकर मागवला. पुढच्या पाण्याला त्यानं रजा टाकली, त्याच्या पुढच्याला मी.

जूनमध्ये एकदा फोन मावशीनंच उचलला. सासूबाई वाड्यातल्या शेळीला चारा टाकायला गेल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. समोर टॉवर होता, घरट्याच्या काड्या वाऱ्यानं निम्म्या गळालेल्या.

"सूनबाई," मावशीनं विचारलं, "तू तर तिथंच हायेस. खरं सांग मला. उडालं का गं ते?"

मी टॉवरकडं बघितलं.

"नाही मावशी," मी म्हणाले. "बसलंय. इतक्यात काही उडत नाही ते."