रुपयाची रेघ

गजानन गेल्याचं मला अकोल्यात, कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर कळलं, तेव्हा माझा चहा अर्धा राहिला होता. तो मी संपवला आणि मग अमरावतीची एस.टी. धरली. दीड महिना झाला त्याला. लोक विचारतात, एवढा जुना दोस्त, अन् डोळ्यात पाणी नाही? नाही आलं. लोकांना दाखवायला आणणारही नाही.

आम्ही एकाच जिनिंगमध्ये होतो. तो कारकून, मी फिटर. तो मॅट्रिक, मी चौथी नापास, आणि हे तो दिवसातून एकदा तरी बोलून दाखवी. जिनिंगच्या शेटजींच्या पेढीवर मुंबईहून बाजारभावाची तार यायची. सोन्याचा भाव मी विचारून आणायचो अन् गजानन घरी चौकटीच्या कागदावर त्याचं टिंब द्यायचा. सोनं महागलं की टिंब खाली, स्वस्त झालं की वर. याला तो रुपयाची रेघ म्हणे. रेघ वर्षानुवर्षं खालीच चालली होती. कागद संपला की तो खाली दुसरा तुकडा चिकटवायचा. "एक टिंब चढलं तं ते नुसती उसळी," तो मला शिकवायचा. "पाच टिंबं एकावर एक चढले तं वळण. मंग सोनं पडते. तवा आधी इकाचं अन् मागून दुप्पट घ्याचं." विकायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती, सिंधूवहिनींच्या पाटल्या. वहिनी चुलीपासून म्हणायच्या, "नोको येऊ बाप्पा तुमच्या रुपयाले वळण. माये हात बोडके होतीन."

मग एका वर्षी तो हिवतापानं पाच दिवस पडला. टिंब द्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी खाटेवरून म्हणाला, "बारीक दे बे. तुया अक्षरालेच वळण नाही, टिंबाले कुठून येईन?" वहिनींचा भाऊ बसला होता, तो हसला. तारेत सोनं चढलेलं होतं, टिंब खाली पाहिजे होतं. मी वर दिलं. पाचही दिवस वरच दिलं…

अंगात ताकद नव्हती तरी सहाव्या दिवशी तो पाटल्या घेऊन सराफ्यात गेला. सायकल मी धरली होती. सराफानं भाव चढताच आहे असं सांगितलं, तर हा त्यालाच म्हणतो, "हा तुमचा गावठी भाव. मुंबईचा माया कागदावर हाये." एक शब्द बोललो असतो तर पाटल्या घरी परत आल्या असत्या. बोललो नाही. पुढे त्या परत घेण्याइतकं सोनं कधी स्वस्त झालंच नाही. वहिनींनी काचेच्या बांगड्यांवर दिवस काढले, आणि त्याच हातांनी वाढलेली भाकर मी किती वेळा खाल्ली. सहासष्टमध्ये सरकारनंच रुपयाची किंमत उतरवली, तेव्हा गजाननानं आणखी एक तुकडा चिकटवला.

अमरावतीच्या दवाखान्यात, शेवटच्या भेटीत, मी त्याला सांगून टाकलं. "गजा, ते पाच टिंबं मी उलटे देल्ते." तो हसायला लागला, हसता हसता खोकला लागला. "तुया हाताले वळण नाही, अन् तू रुपयाले वळण देशीन? जाय घरी." मेला तोही मला चौथी नापास समजूनच मेला.

तेराव्याला वहिनींनी त्या रेघेच्या कागदाची गुंडाळी माझ्यापुढे टाकली. बांगड्या फुटलेले हात… "भाऊजी, मले वाचता येत नाही. माया पाटल्या याच्यात कुठं गेल्या, तेवढं दाखवा." मी कागद उलगडला. मोहरीएवढी बारीक टिंबं खाली, खाली चाललेली, आणि मधेच पाच जाडी, मुंगळ्यांसारखी वर चढणारी. मी बोट ठेवलं. वहिनी वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे तं त्यायच्या हातचे नाहीत," त्या म्हणाल्या.

मी बोट तिथंच ठेवलं.