न्यू ऑर्लिन्सच्या नारळाविषयी एक खुलासा

शुगर लँडहून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तेथील मराठी मंडळातील एका स्नेह्याने मला बजावले, "काका, न्यू ऑर्लिन्सला काय बघणार? ती त्यांची गटारी आहे." हे गृहस्थ तेथे कधीही गेलेले नव्हते, याची मी खात्री करून घेतली. ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाआधीच्या मंगळवारी ते शहर रस्त्यावर उतरते, एवढे खरे. पिणारे तेथे नव्हते असे मी म्हणत नाही. मात्र आम्ही ज्या रस्त्यावर उभे होतो, तेथे पिणाऱ्यांपेक्षा दूधपित्यांची संख्या अधिक होती.

गाडी माझा मुलगा मंदार चालवत होता; मागे मी आणि माझी आठ वर्षांची नात ईरा. सहा तासांचा रस्ता. लुइझियानात शिरल्यावर मैलोन्‌मैल दलदलीवरून जाणारा पूल लागतो. खाली पाण्यात गुडघाभर बुडालेली झाडे शांत उभी असतात. त्या पाण्यात आम्हाला मगर दिसल्याचे मंदार सर्वांना सांगतो. तो ओंडका होता.

मंगळवारी सकाळी सातलाच आम्ही न्यूट्रल ग्राउंडवर (रस्त्याच्या मधोमध असलेल्या हिरव्या पट्ट्यावर) जागा धरली. वरच्या प्रचंड ओक वृक्षांच्या फांद्यांवर मागच्या वर्षांच्या मण्यांच्या माळा अजून लोंबत होत्या. तेथील कुटुंबे घडीच्या शिड्या आणतात. शिडीच्या माथ्यावर लाकडी खोके ठोकून त्यात लहान मुलांना बसवतात. शेजारच्या मिस लोरेटा (तेथे विवाहितेलाही आदराने मिस म्हणतात) या माझ्याच वयाच्या कृष्णवर्णीय बाईंनी आपल्या पणतीला सरकवून ईरालाही खोक्यात बसवले, आणि किंग केकचा (दालचिनी घातलेल्या, कड्याच्या आकाराच्या गोड पावाचा) तुकडा माझ्या हातात दिला. फोटो काढू का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी आधी टोपी नीट केली.

मिरवणूक आली. रथांवरचे मुखवटेधारी माळा फेकत होते आणि खाली सारा रस्ता हात उंचावून ओरडत होता. ईराला हवा होता नारळ. तेथील एक जुने मंडळ सोनेरी रंगवलेले, चमकी लावलेले नारळ वाटते. ते फेकत नाहीत. रथावरून वाकून एखाद्याच्याच हातात देतात. ईरा महिनाभर त्याचाच ध्यास घेऊन होती. तिने हात वर केले. मी ते खाली घेतले.

"ईरा, आपण कुणापुढे हात पसरत नाही."

"बट आजोबा, एव्हरीबडी इज डूइंग इट!"

"म्हणूनच आपण नाही."

"बाबा, प्लीज," मंदार म्हणाला, "इथे लेक्चर नको."

तासभर रथ जात राहिले. पणतीच्या गळ्यात माळांचे ओझे झाले. शेजारी ईरा हात मांडीखाली दाबून बसली होती. रडत नव्हती. ते मला अधिक लागले.

मिस लोरेटा माझ्याकडे बघत होत्या. "बेबी," त्या म्हणाल्या (तेथे पंचाहत्तरीच्या माणसालाही बेबीच म्हणतात), "मिरवणुकीला आलात की अंत्ययात्रेला?"

मी माझे तत्त्व त्यांना इंग्रजीत व्यवस्थित समजावले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले.

"माझा नवरा रथावर असायचा. हिवाळाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर नारळ रंगवत बसायचा. एका वर्षी पावसानं माणसं पांगली, अन् तो अर्धं पोतं परत घेऊन आला. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. हात वर करणारं कुणी नसलं, तर त्या रथावरच्यानं द्यायचं कुणाला, बेबी?"

देवळात तीर्थासाठी ओंजळ पुढे करताना आपण भीक मागतो, असे मला कधी वाटलेले नाही.

मागे दोनच रथ उरले होते. मी रस्त्याकडेच्या कठड्यापाशी गेलो, दोन्ही हातांची ओंजळ वर धरली आणि "अहो! इकडे! माझ्या नातीसाठी!" असे ओरडलो. मराठीत ओरडलो, हे मान्य. पहिला रथ निघून गेला. दुसऱ्यावरचा मुखवटेधारी वाकला, माझ्या ओंजळीकडे क्षणभर बघत राहिला, आणि त्याने नारळ अलगद तीत ठेवला. मी तो शिडीवर ईराच्या हाती दिला. तिने तो पोटाशी धरला. मिस लोरेटांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा घसरला.

परतीच्या वाटेवरच मंदारने हकिगत रचायला घेतली, आणि पुढच्या शनिवारी मंडळाच्या जेवणात ती सादर केली: बाबांनी उडी मारली, कठडा ओलांडला, दुसऱ्या एका मुलाच्या हातून नारळ हिसकावला. लोक पोट धरून हसले. माझे गुडघे उडी मारण्याच्या अवस्थेत नाहीत आणि कठड्यापाशी दुसरे मूल नव्हते, हे मी उभे राहून सांगितले. कुणी ऐकले नाही.

तेव्हा ताटावरून मान वर करून ईरा म्हणाली, "नो, बाबा. आजोबांनी मागितला. माझ्यासाठी."

आयुष्यभर मी कुणाकडे काही मागितले नाही, असे मी आजवर अनेकांना अभिमानाने ऐकवत आलो आहे. तिच्या निवेदनात मात्र दुरुस्ती सुचवावी, असे मला काही आढळले नाही. मी खाली बसलो.