सडलेल्या कांद्याचा वास

आज भावजींच्या कांदा साठवायच्या बराखीतून सडका वास आला आणि माझं डोकंच फिरलं.

पाच वर्षांपूर्वी याच वासात ते आमच्या अंगणात येऊन म्हणाले होते, "वैनी, मागल्या महिन्यात तुमच्या सुमीनंच माझ्या कांद्यावर युरिया टाकला. सडला ना समदा." दहावीतली माझी लेक नुकतीच रानातून आली होती. टोमॅटो तोडून तिचे हात हिरवे झाले होते. मी एका शब्दानं विचारलं नाही. मानगूट धरून तिला त्यांच्या पायावर वाकवलं.

यंदा सुमी अवसरीला हॉस्टेलवर आहे, तरी कांदा सडलाच. मघाशी विचारलं, "भावजी, आता कुणाचं नाव घेता?"

ते ताठ मानेनं निघून गेले. त्या दिवशी वाकवायला मला माझीच पोर सापडली होती.