टोपणाचे माप

रसायनशास्त्राचे शिक्षण संपवून मी राजुरीला परतले, तेव्हा तिशीच्या आत दहा पुस्तके लिहून काढायची असे ठरवले होते. कथा-कविता नव्हेत, माती, पाणी, खते, कीड यांवरची पातळ, उपयोगी पुस्तके. पुण्याच्या एका प्रकाशकाने पहिले हस्तलिखित आठ महिने ठेवून न वाचता परत केले आणि मी स्वतःच प्रकाशक झाले. पद्धत साधी होती. सकाळी कॉलेजात शिकवायला निघण्यापूर्वी तीन पाने, रविवारी आठवड्याच्या पानांची तपासणी, चार महिन्यांनी मजकूर नारायणगावच्या छापखान्यात. लिहावेसे वाटत नसे त्या दिवशीही तीन पाने होतच, आणि खरे सांगायचे तर पुढे वाचताना ती वेगळी ओळखू येत नसत. थकवा मी जमेस धरत नसे.

नव्वदचे दशक संपत आले होते. पाचवे पुस्तक टोमॅटोवरच्या फवारणीचे होते. छापखान्याच्या मालकांनी मुद्रिते चाळली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, हे मिलिलिटर कोण मोजतंय? रानात माणूस टोपणानं औषध घेतो. एका पंपाला किती टोपणं, तेवढं ल्हा. पुस्तक पळंल."

बाटलीचे टोपण हेच आमच्याकडचे माप, हे मलाही माहीत होते. घरातल्या बाटलीचे टोपण मी प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात रिकामे केले. दहा मिलिलिटर भरले. त्या हिशेबाने एका सकाळीत सगळे कोष्टक बदलले, आणि तीनऐवजी पाच पाने झाली म्हणून स्वतःवर खूशही झाले. एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण मी बिनदिक्कत कापत असे.

पुस्तक खरोखरच पळाले. दीडेक महिन्याने खोडदचे एक शेतकरी कॉलेजच्या व्हरांड्यात येऊन थांबले. त्यांच्या पिशवीत करपलेली टोमॅटोची पाने होती, माझे पुस्तक होते आणि एक निळे टोपण.

"तुमी सांगितल्यापरमाणं पंपाला दोन टोपणं घेतली. जास्त न्हाई, कमी न्हाई."

"कोणत्या बाटलीचे टोपण?"

"लिटरच्या. पुस्तकात कुटं ल्हिलंय, कोणत्या बाटलीचं ते?"

मी टोपण प्रयोगशाळेत नेऊन धुतले आणि मोजले. पंचवीस मिलिलिटर. ते शेजारी उभे राहून मोजपात्रावरच्या रेघा वाचत होते.

"म्हंजे अडीचपट," ते म्हणाले. गुणोत्तर त्यांनी माझ्या आधी काढले.

मी टोपण पुन्हा भरून मोजले. पंचवीसच.

"मी भांडाया न्हाई आलो," ते म्हणाले. "चार सऱ्या मारल्या, पानं बगितली आन् थांबलो. आमच्या भावकीत तिगांकडं हेच पुस्तक हाय, त्यास्नी मी सांगितलं. बाकीच्यांस्नी कोण सांगनार?"

सहावे पुस्तक अर्धे झाले होते. ते बाजूला ठेवले. चिठ्ठ्या छापून घेतल्या: टोपणाने मोजू नये, औषधासाठी वेगळे मोजपात्र ठेवावे, खाली मिलिलिटरचे कोष्टक. घरातल्या प्रतींवर त्या डकवणे सोपे होते. बाहेर गेलेल्या प्रतींसाठी रविवार लागले. एसटीने उतरायचे, कृषी औषधांचे दुकान शोधायचे, तीच चूक त्याच शब्दांत सांगायची. "आपल्याच पुस्तकात चूक हाय म्हनत फिरनारी बाई पयलीच बगितली," एक दुकानदार म्हणाला आणि चहा मागवला. चहा पिण्याइतकेही त्राण उरले नव्हते, तरी प्यायले. विकल्या गेलेल्या प्रती कोणाकडे गेल्या हे बहुतेकांना आठवत नव्हते. मी गावांची यादी केली होती. तिच्यातले एकेक नाव खोडताना पूर्वी पान पूर्ण झाल्यावर जे वाटे ते वाटत नव्हते.

पेठ नावाच्या गावी पोहोचले तेव्हा तिसरा रविवार होता. दुकानदारांनी चिठ्ठी वाचून उरलेल्या चार प्रती पुढे केल्या. मी चिठ्ठ्या डकवल्या आणि बाहेर आले, तर दुकानाच्या भिंतीवर माझे कोष्टक होते. ऑइलपेंटने, पेंटरच्या वळणदार अक्षरात, एकूण एक टोपणासह.

"गिऱ्हाईक सारखं इचारायचं, किती टोपणं, किती टोपणं," दुकानदार मागून म्हणाले. "मग घेतलं रंगवून. लोकं वहीत उतरवून नेत्यात. पार घोडेगावापातुर गेलंय, ताई."

"किती जणांनी नेले?"

"आता त्ये कसं सांगू?"

मी रंग मागितला. दरवाजाला लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट त्यांनी दिला, ब्रशही दिला. मी स्वतःच भिंत रंगवणार हे मात्र त्यांना पटेना. पहिल्या हातातून अक्षरे तशीच दिसत राहिली. वरच्या चार ओळींवर दुसरा हात फिरवत होते, तोच मागून आवाज आला.

"ओ ताई, दम खावा की जरा. माझं ल्हायचं ऱ्हायलंय."

एक म्हातारेसे गृहस्थ गुडघ्यावर वही टेकवून पायरीवर बसले होते. मी ब्रश डब्यावर आडवा ठेवला, हात पुसले आणि त्यांच्याकडे वही मागितली. सात ओळी त्यांनी उतरवून घेतल्या होत्या, माझ्याहून नीट अक्षरात. मी त्यांच्याशेजारी बसले आणि पहिल्या ओळीपासून खोडायला सुरुवात केली.